कॅप्टन नेमोचे कुलशील

ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो कोणत्या देशाचा, आणि कोणत्या अन्यायाचा सूड म्हणून तो युद्धनौका बुडवितो, हे १८७० साली पूर्ण झालेल्या सागरतळाच्या कादंबरीत सांगितलेले नाही. उत्तर मिळाले ते १८७५ साली, ‘गूढ बेटा’च्या अखेरीस: नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाचा भाचा, १८५७ च्या उठावातील एक पराभूत योद्धा. (मूळ फ्रेंच शब्द पुतण्या व भाचा यांत भेद करीत नाही; परंतु बाप बुंदेलखंडचा राजा म्हटल्यावर मराठीत पुतण्या म्हणणे शक्य नाही.)

भा. रा. भागवतांच्या अनुवादांतून व्हर्न ज्यांस परिचित झाला, त्या मराठी वाचकांस हे उत्तर सुखावते, यात नवल नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर, साकोलीकडील तलावांच्या मुलखात वाढलेल्या विद्यार्थ्यासही त्याचा मोह पडतो. नानासाहेब पेशव्यांचा अंत अनिश्चित राहिल्याने नेमो म्हणजे नानासाहेबच, इथवर तर्क धावतो. आम्हांस तो मान्य नाही. नानासाहेबांवर व्हर्नने १८८० साली ‘वाफेचे घर’ ही स्वतंत्र कादंबरी लिहिली. तिचा आरंभ तेव्हाच्या औरंगाबादेत लागलेल्या, नानासाहेबांना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर करणाऱ्या पत्रकाने होतो; आणि तेथील नानासाहेब हा सूडाने पेटलेला खलपुरुष आहे, नेमो नव्हे.

खरा प्रश्न डक्करविषयीचाच आहे. व्हर्नच्या मनात प्रथम रशियाने छळलेला पोलिश सरदार होता. प्रकाशक एत्झेलने रशियातील वाचकवर्गाच्या चिंतेने त्यास हरकत घेतली. ह्या मूळ कल्पनेच्या खुणा पुसल्या गेलेल्या नाहीत. नेमोच्या खोलीत पोलंडचा कोशिउस्को, ग्रीसचा बोत्सारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, अमेरिकेचे वॉशिंग्टन व लिंकन यांची चित्रे आहेत. भारतीय वीर एकही नाही. उलट पक्षी सिंहलद्वीपाजवळचा प्रसंग पुढे केला जातो: मोती काढणाऱ्या भारतीय पाणबुड्यास नेमो शार्कपासून वाचवितो व पीडितांच्या देशाशी स्वतःचे नाते सांगतो. पण पीडितांचा देश म्हणजे भारत, हा अर्थ डक्कर ठाऊक झाल्यावर मागाहून भरलेला आहे. १८७० च्या वाचकास त्याच वाक्यात पोलंडही ऐकू येऊ शकत होता, ग्रीसही. त्या वाक्याचे बळ त्याच्या मोकळेपणात होते.

शिवाय कालगणना पाहावी. आरोनाक्सचा जलप्रवास १८६७-६८ चा. ‘गूढ बेटा’तील अभियंता मात्र मार्च १८६५ मध्येच रिचमंडहून निसटून बेटावर पडतो, आणि तरी त्या प्रवासाचा ग्रंथ त्यास ठाऊक असतो! तारखा जुळत नाहीत, हे खुद्द कादंबरीच्या तळटिपेतच कबूल केलेले आहे.