दंडाज्ञा, क्षमा आणि पश्चात्ताप : योहानकृत शुभवर्तमानातील एक प्रसंग

आधी पश्चात्ताप की आधी क्षमा, हा ख्रिस्ती विचारातील जुना प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा नाही. अपराध्याशी समाजाने कसे वागावे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. व्यभिचाराच्या आरोपावरून येशूपुढे आणलेल्या स्त्रीचा प्रसंग (योहान ७.५३–८.११) ह्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. कोणी कोणाचा न्याय करू नये, असा त्याचा एक अर्थ सांगितला जातो. दुसऱ्या पक्षाचा भर पाप सोडण्याच्या आज्ञेवर असतो. दोन्ही अर्थ प्रसंगाच्या एकेका भागावरच उभे आहेत.

प्रथम न्यायाचा विचार. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ह्या अपराधात स्त्री व पुरुष दोघेही दंडास पात्र ठरतात (लेवीय २०.१०), येथे आणलेली आहे ती एकटी स्त्री. देहदंडाच्या वेळी पहिला हात साक्षीदारांनी उचलावा, असाही नियम आहे (अनुवाद १७.७). येशूचे उत्तर ह्याच नियमाच्या आधाराने उभे राहते आणि पहिला दगड टाकणाऱ्यावर निष्पापतेची अट घालते. त्यामुळे पाप हे पाप नाही असे ठरत नाही. आरोप करणारेच परीक्षेस उभे राहतात, एवढेच होते. शेवटच्या संवादातील ग्रीक क्रियापदही 'न्याय करणे' असे साधे नसून 'दोषी ठरवून दंड फर्मावणे' ह्या अर्थाचे आहे. म्हणजे बऱ्यावाईटाचा विवेक येथे निषिद्ध नाही. नाकारला आहे तो दंडाज्ञेचा अधिकार.

दुसरा मुद्दा क्रमाचा. लूककृत शुभवर्तमानातील पापी स्त्री अश्रूंनी येशूचे पाय भिजविते (७.३८). ही स्त्री मात्र अवघे दोन ग्रीक शब्द उच्चारते आणि त्यांत कबुली नाही, याचनाही नाही. तरीही दंड न देण्याचे वचन आधी येते, पाप न करण्याची आज्ञा नंतर. 'पश्चात्ताप' ह्या मराठी शब्दात मागाहून होणारा दाह सूचित होतो. ग्रीक 'मेतानोइया' ह्या शब्दात मन पालटण्याचा अर्थ आहे. हा ग्रीक शब्द योहानाच्या शुभवर्तमानात एकदाही येत नाही. प्रस्तुत प्रसंगातील आज्ञाही गतकाळाच्या दाहाकडे न वळता पुढील आयुष्याकडे वळते.

येथे एक आक्षेप संभवतो. ह्या प्रसंगात 'क्षमा' हाही शब्द नाही. मग दंडाज्ञेचा अभाव म्हणजे क्षमा कशी? आक्षेप रास्त आहे. स्त्री पालटली की नाही, हे कथा सांगत नाही. म्हणून येथे पूर्ण झालेली क्षमा न पाहता पश्चात्तापाला दिलेला अवकाश पाहणे अधिक युक्त होईल. दगडांखाली मेलेल्या माणसाचे मन पालटण्याचा प्रश्नच उरत नाही.

हा क्रम पचविणे प्राचीन चर्चला सोपे नव्हते. तिसऱ्या शतकाच्या आरंभी टर्टुलियनने, प्रायश्चित्तानंतरही व्यभिचाऱ्यास क्षमा देणाऱ्या धर्माध्यक्षावर कठोर टीका केली. चौथ्या शतकातील सिनायटिकस व व्हॅटिकॅनस ह्या हस्तलिखितांत हा प्रसंग नाही; काही हस्तलिखितांत तो लूकच्या २१व्या अध्यायाच्या अखेरीस आढळतो. तो मूळ योहानाचा नव्हे, असे आज बहुतेक पाठचिकित्सक मानतात. स्त्रियांना पापाची मोकळीक मिळेल ह्या भीतीने अल्पश्रद्ध लोकांनी तो गाळला, असा ऑगस्टीनचा तर्क होता. पाठाचा इतिहास म्हणून हा तर्क टिकत नाही. परंतु कथेविषयी वाटणाऱ्या धास्तीची साक्ष म्हणून तो मोलाचा आहे.

तथापि ह्या कथेची मर्यादाही ध्यानी ठेवली पाहिजे. ज्याचा प्रत्यक्ष अपराध झाला, अशी व्यक्ती तीत बोलतच नाही. सबब अन्याय सोसलेल्यावर क्षमेची सक्ती करण्यास ह्या कथेचा आधार घेता येणार नाही. तिचा रोख दगड हाती घेतलेल्या तिऱ्हाइतांकडे आहे. अपराध्याने आधी आपला पश्चात्ताप सिद्ध करावा, मगच दगड खाली ठेवू, अशी अट त्यांना घालता येत नाही. कारण ती अट घालण्याचा अधिकार त्यांच्यापैकी एकालाही सिद्ध करता आलेला नाही.