‘स्वयंसंघटन’ : एका संज्ञेची चिकित्सा

धातूच्या पृष्ठभागावर रेणू ठरावीक आकृतिबंधात मांडले जातात. या घटनेस मराठीत ‘स्वयंसंघटन’ अशी संज्ञा योजली जाते. शास्त्रीय संज्ञेने घटनेचे कारण सांगितलेच पाहिजे असे नाही. परंतु तिने चुकीचे कारण सुचवू नये, ही अपेक्षा गैरवाजवी नव्हे. या कसोटीस प्रस्तुत संज्ञा उतरत नाही.

‘स्वयं’ हे पद ‘स्वयंसेवक’ या शब्दात कर्त्याची इच्छा दर्शविते, तर ‘स्वयंभू’ या शब्दात बाह्य कर्त्याचा अभाव. रेणूंविषयी दुसराच अर्थ अभिप्रेत आहे. तथापि ‘संघटन’ हे पद संघ, संस्था, चळवळ यांच्या साहचर्यामुळे वाचकास पहिल्या अर्थाकडे ओढून नेते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे : या संज्ञेत धातूस स्थानच नाही. नझो व आलारा यांनी १९८३ साली सोन्यावरील गंधकयुक्त सेंद्रिय रेणूंच्या सुव्यवस्थित थरांविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. अशा थरात रेणूचे गंधकाचे टोक धातूस घट्ट धरते आणि कार्बनच्या साखळ्या परस्परांच्या आकर्षणाने दाटीने उभ्या राहतात. थायॉल वर्गातील रेणूंच्या साखळ्या सोन्यावर लंबरेषेशी सुमारे ३० अंश कलतात, चांदीवर मात्र सुमारे १० ते १२ अंशच. रेणू तेच, धातू बदलला की मांडणी बदलते. मग ही रचना केवळ रेणूंची ‘स्वयं’ कशी म्हणावी?

योग्य क्रियापद मराठीपाशी पूर्वीपासून आहे. निफाड परिसरात कडाक्याच्या थंडीत ‘दव गोठले’ असे सहज म्हटले जाते. निरभ्र रात्री उघडा पत्रा उष्णता उत्सर्जित करून भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. त्यामुळे हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असतानाही त्यावर हिमकण दिसू शकतात. हिमकणांची वाढ आणि एकरेणवीय थर या भिन्न घटना होत, हे खरे. परंतु व्याकरणाचा धडा एकच आहे. ‘गोठणे’ या अकर्मक क्रियापदात दवाला इच्छा चिकटत नाही आणि गोठविणाराही कल्पावा लागत नाही.

‘जुळणे’ व ‘जुळविणे’ ही जोडीही तशीच आहे. आयग्लर व श्वाइट्झर यांनी निकेलवर झेनॉनचे ३५ अणू एकेक करून सरकविले व त्यांतून अक्षरे रचली. हे संशोधन १९९० साली प्रसिद्ध झाले. तेथे अणू जुळविले गेले. सोन्यावर रेणू जुळतात. यास्तव ‘पृष्ठजुळण’ ही संज्ञा विचारार्ह ठरते.

‘जुळण’ हा शब्द घरगुती वाटतो, असा आक्षेप येईल. परंतु ‘स्वयंसंघटन’ वाचणारा विद्यार्थी ‘रेणूंना हे कसे कळते?’ असे विचारील. ‘पृष्ठजुळण’ वाचणारा ‘कोण कशाशी जुळते?’ असे विचारील. धातू, तापमान आणि साखळीची लांबी यांच्याकडे नेणारा प्रश्न हा दुसरा होय.