आरएफकॉम : बांधतं, पण जोडत नाही

चेंबूरमध्ये रीडेव्हलपमेंट इतकं चाललंय की हा दाखला तुम्हाला लगेच पटेल. टॉवर अजून उभा व्हायचाय, पण कुणीतरी चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटची नावाची पाटी आजच करून आणली. पाटी खरी आहे, नाव बरोबर आहे, फक्त आत माणूस नाही. आज ज्या कमांडवर मी टीका करणार आहे, ती नेमकं हेच करते.

लिनक्सवर ब्लूटूथमधून सिरियल जोडणी करायची, म्हणजे समोरच्या यंत्राशी जणू वायर लावल्यासारखं अक्षरामागून अक्षर बोलायचं, तर वर्षानुवर्षं आरएफकॉम हीच कमांड सांगितली जाते. इंजिनिअरिंगची मुलं लॅमिंग्टन रोडवरून एचसी-०५ नावाचं छोटं मॉड्यूल आणतात, रोबोला लावतात आणि जुन्या कुठल्यातरी पानावरून 'आरएफकॉम बाइंड' ही ओळ उतरवून घेतात. कमांड काहीच बोलत नाही. टर्मिनलमध्ये कमांड गप्प राहिली म्हणजे काम झालं, असं आपण मुलांना शिकवलेलं असतं. डेव्ह फोल्डरमध्ये आरएफकॉम-शून्य नावाची फाइलही दिसते. आणि रोबो ढिम्म.

गंमत अशी की मॉड्यूल बंद असलं तरी बाइंड यशस्वी होतं. पत्ता चुकीचा दिला तरी होतं. कारण ते कुणाला हाकच मारत नाही, फक्त पाटी लावतं. खरी हाक जाते ती फाइल कुणीतरी उघडल्यावर. मराठीत बांधणं वेगळं आणि जोडणं वेगळं, हे पाचवीतलं पोरही सांगेल. इथे मात्र दोन्ही शब्द शेजारी-शेजारी ठेवलेत आणि फरक वापरणाऱ्याने ठेच खाऊन शिकायचा. त्यात स्थिती विचारली तर उत्तर येतं 'क्लीन'. क्लीन म्हणजे काय, सगळं छान? नाही हो. अजून कुणी दार उघडलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा घोळ वेगाचा. मुलं आरएफकॉम-शून्यवर बॉड रेट बदलत बसतात, ९६००, ३८४००, ११५२००. हवेतल्या जोडणीला त्याने काडीचा फरक पडत नाही. तो आकडा मॉड्यूल आणि आर्डुइनो यांच्यामधल्या दोन तारांचा आहे, आणि तो मॉड्यूलमध्ये एटी कमांड देऊन बदलायचा असतो. पण फाइल सिरियल पोर्टचं सोंग इतकं हुबेहूब वठवते, की जो स्क्रू कशालाच लागलेला नाही तोही ती तुम्हाला फिरवू देते.

आता माझी मोठी तक्रार. २०१७ साली ब्लूझी ५.४४ आली तेव्हा आरएफकॉम, एचसीआयटूल, एसडीपीटूल ही मंडळी कालबाह्य ठरवली गेली. फेडोरासारख्या ठिकाणी ती वेगळ्या पॅकेजात गेली. ठीक आहे, जुनं जावं. पण जागेवर आलं काय? ब्लूटूथसीटीएल. त्यात शोधणं उत्तम, पेअरिंग उत्तम, पिन विचारतो, आपण १२३४ देतो, झालं. मग मुलगा स्वाभाविकपणे 'कनेक्ट' लिहितो आणि 'उपलब्ध नाही' अशा अर्थाची एरर खातो. मॉड्यूल ठणठणीत असतं! सिरियल सेवेचा भार घेणारं त्या बाजूला कुणी नोंदवलेलंच नसतं, म्हणून हे होतं. ते नोंदवायचं तर डी-बसशी बोलणारा प्रोग्राम स्वतः लिहा. एका ओळीचं काम होतं, त्याचा प्रोजेक्ट झाला. जुन्या भाडेकरूला नोटीस दिली, पण नवी खोली बांधलीच नाही. (हशा)

आणि मुलगा काय समजतो? आपल्यालाच येत नाही. व्हायव्हाच्या आदल्या रात्री नवं मॉड्यूल आणायला धावतो. हे मला खरंच लागतं.

आरएफकॉमच्या बाजूनेही बोलायला हवं. एकदा जोडलं की ती फाइल कुठल्याही साध्या फाइलसारखी वापरता येते. मिनिकॉम चालतं, स्क्रीन चालतं, नुसतं कॅटसुद्धा चालतं. युनिक्सची ही जुनी चाल आहे आणि डी-बसच्या मानाने मला ती आजही सरस वाटते.

म्हणून एचसी-०५ साठी मी अजूनही तीच वापरतो, फक्त बाइंड नाही, कनेक्ट. ते टर्मिनल अडवून बसतं, कंट्रोल-सी दाबेपर्यंत हलत नाही, पण निदान खरं बोलतं. 'होस्ट इज डाउन' आलं तर मॉड्यूलला वीज आहे का, ते जवळ आहे का बघा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर आधी चॅनल तपासा. तुम्ही आकडा दिला नाहीत तर ती गुपचूप १ धरते. आणि स्क्रीनपेक्षा मॉड्यूलवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. भराभर लुकलुकत असेल तर अजून कुणी जोडलेलं नाही. थांबून थांबून लुकलुकायला लागला की आलं कुणीतरी घरात.