चुनखडी आणि राष्ट्राचे सामर्थ्य

परकीय भांडवल आले की देश समृद्ध झालाच, असे मानणारा एक पक्ष. आणि ते आले की देश बुडालाच, असे मानणारा दुसरा. या दोहोंच्या कलहात मायकेल पोर्टर यांचा राष्ट्रांच्या स्पर्धाक्षमतेवरील, १९९० साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ पुन्हा वाचण्यासारखा आहे. राष्ट्राचे टिकाऊ सामर्थ्य भूगर्भातील संपत्तीपेक्षा परिश्रमाने कमावलेल्या कौशल्यावर अवलंबून असते, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. आणि केवळ परकीय कंपन्यांवर विसंबणारे राष्ट्र कच्चा माल व स्वस्त मजुरी यांच्याच पायरीवर अडकून पडू शकते, हा त्यांचा इशारा.

ग्रंथकारांनी अभ्यासिलेल्या दहा राष्ट्रांत स्वित्झर्लंड आहे, भारत नाही. तथापि त्यांच्या सिद्धान्ताची कसोटी चंद्रपूर जिल्ह्यात घेता येते. घुग्घुस येथील ए.सी.सी.चा व उपरवाही येथील अंबुजाचा, असे दोन सिमेंटचे कारखाने २००५-०६ च्या सुमारास होल्सिम या स्विस कंपनीच्या नियंत्रणाखाली गेले आणि २०२२ साली अदानी समूहाकडे आले. परकीयांनी हे कारखाने उभारले नव्हते. चालते कारखानेच त्यांनी विकत घेतले होते. भांडवल आले आणि गेले. चुनखडी मात्र खणली तेवढी कायमची गेली. मालक स्वदेशी झाला, एवढ्याने कोरपन्याच्या शेतकऱ्याच्या मुलाचे कौशल्य तसूभरही वाढत नाही. येथवर ग्रंथकारांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे.

परंतु त्यांचे माप राष्ट्राचे आहे, आणि येथेच आमचा मतभेद. देशाचे सिमेंट जगाच्या बाजारात सरस ठरले, तरी ज्या तालुक्याची चुनखडी त्यात गेली तो तालुका समर्थ झालाच असे नाही. उलटपक्षी शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गाव पाहावे. २००९ साली त्यास सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू आपणच विकू लागली. तेथे मोठे भांडवल आले नाही. पण मोजणी, हिशेब आणि सौदा या विद्या गावात आल्या, आणि त्या कोणास विकत घेऊन नेता येत नाहीत.

तेव्हा भांडवलदार स्वकीय की परकीय, हा प्रश्न दुय्यम होय. तो निघून गेल्यावर गावात खड्डा उरेल की विद्या, हा मुख्य. हा प्रश्न राष्ट्रांना विचारण्यास ग्रंथकारांनी शिकविले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. गावाच्या वेशीवर उभे राहून तो विचारणे, हे काम आपले आहे.