दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी : काचाझनुनी यांचा अहवाल वाचताना

आर्मेनियाचा विषय निघाला की बोलणं १९१५च्या वंशसंहारापाशी येऊन थांबतं. आज मी एका अहवालाविषयी बोलणार आहे. आर्मेनियाच्या पहिल्या प्रजासत्ताकाचे पहिले पंतप्रधान होव्हानेस काचाझनुनी यांनी १९२३ साली बुखारेस्टमध्ये तो आपल्याच दाश्नाक पक्षापुढे मांडला.

पार्श्वभूमी बघा. मे १९१८मध्ये सरदारापाटला तुर्की फौज अडवली गेली आणि २८ मे रोजी स्वातंत्र्य जाहीर झालं. ऑगस्ट १९२०च्या सेव्हर तहाने कागदावर मोठा आर्मेनिया दिला. पण डिसेंबर उजाडेपर्यंत कार्स तुर्कांकडे आणि येरेवान बोल्शेविकांकडे गेलं होतं.

काचाझनुनी म्हणतात, दोष आधी आपला. १९१४ साली आपण रशियावर डोळे झाकून विश्वास ठेवला. पुढे पॅरिसमध्ये समुद्रापासून समुद्रापर्यंतचा देश मागितला. पराभवानंतर स्वतःच्याच पक्षाला असं सुनावणारा नेता विरळा. अहवालाचं बळ इथे आहे.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. वंशसंहार नाकारणारे हाच अहवाल पुरावा म्हणून नाचवतात. पुढाऱ्यांचे अंदाज चुकले म्हणून वाळवंटात हाकलून मारलेल्या बायकापोरांचे खून पुसले जात नाहीत.

दुसरी गोष्ट, निदान बरोबर, पण औषध? दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायलो म्हणून बुडालो, असं सांगणारा माणूस शेवटी म्हणतो, पक्ष गुंडाळा, देश बोल्शेविक सांभाळतील. ते स्वतः सोव्हिएत आर्मेनियात परतले. १९३७ साली त्यांना अटक झाली आणि तुरुंगातच त्यांचा अंत झाला.

हा अहवाल आज का वाचायचा? सप्टेंबर २०२३मध्ये एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांना काराबाख सोडावं लागलं, तेव्हा रशियाचे शांतिसैनिक तिथेच होते. पंतप्रधान पाशिन्यान आता ‘खरा आर्मेनिया’ म्हणजे मान्य सीमांमधला देश, असं सांगतात. नकाशाचा मोह सोडणं हा काचाझनुनींचा अर्धा धडा झाला. ऑगस्ट २०२५मध्ये अझरबैजानबरोबरच्या शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं झाली, तीही वॉशिंग्टनमध्ये. म्हणजे मॉस्कोची ओंजळ सोडून दुसरी धरली का?

लहान देशाला मदत घ्यावीच लागते, त्यात कमीपणा नाही. पण मदत घेणं वेगळं आणि भरवशावर राहणं वेगळं. हा फरक काचाझनुनींना निदानात दिसला, उपायात दिसला नाही.