गडचिंचले : एका गुन्ह्याची तीन कथने

गुन्हा हा न्यायशास्त्राचा विषय होय. गुन्ह्याचे कथन हा मात्र वाङ्मयविचाराचा विषय आहे. गुन्हा एकदाच घडतो. त्याचे कथन पुनःपुन्हा होत राहते, आणि समाजाच्या स्मरणात अखेर उरते ते घडलेले कृत्य नव्हे, तर त्याचे कथन. मराठी समीक्षेने कल्पित रहस्यकथेची दखल अधूनमधून घेतली आहे. परंतु प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्याची कथा कोणत्या साच्यातून सांगितली जाते आणि त्या साच्यामुळे काय दिसते व काय दडते, हा प्रश्न बहुतांशी उपेक्षितच राहिला आहे. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी झालेले तिघांचे हत्याकांड या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

प्रथम स्थळाचा विचार करावयास हवा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा दोन प्रकृतींचा आहे. पश्चिमेकडे रेल्वेमार्गालगतची पालघर व बोईसर ही गावे, त्यापलीकडे १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुविद्युत केंद्र आणि बोईसर-तारापूरची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत. पूर्वेकडे डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतील डोंगरपट्टी. तेथे वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी इत्यादी समाजांची वस्ती. शहरी मराठी वाचकाच्या मनात या डोंगरपट्टीची प्रतिमा वारली चित्रांनी, तारप्याच्या नाचाने आणि डहाणूच्या चिकूच्या वाड्यांनी घडलेली आहे. ती निष्पाप शांततेची प्रतिमा आहे. अशा प्रतिमेचा एक परिणाम असा की, त्या प्रदेशात भयंकर गुन्हा घडला म्हणजे तो तेथल्या मातीतलाच असू शकतो हे मन मान्य करीत नाही. मग एक तर प्रतिमा समूळ उलटते आणि शांत वनवासी एका रात्रीत रानटी ठरतो. नाही तर गुन्ह्याचे मूळ कोठेतरी बाहेर शोधले जाते.

घटनेचा सांगाडा असा. करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी होती. मुंबईतील कांदिवली येथून जुना आखाड्याचे दोन साधू व त्यांचा मोटारचालक, गुरूंच्या अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत असलेल्या गडचिंचले गावाजवळ वनखात्याच्या चौकीपाशी त्यांची गाडी अडविण्यात आली. मुले पळविणारे, अवयव काढून नेणारे व दरोडे घालणारे लोक रात्री हिंडत आहेत, अशी अफवा काही दिवसांपासून या पट्ट्यात पसरली होती; गावोगाव रात्रीचे पहारे बसले होते. एक-दोन दिवस आधीच सारणी येथे मदतकार्याला गेलेल्या एका डॉक्टरच्या पथकावर अशाच संशयावरून हल्ला झाला होता. गडचिंचले येथे कासा ठाण्याचे पोलीस पोहोचले. पण त्यांच्या समक्ष, त्यांच्या ताब्यातून जमावाने तिघांना ओढून काढून ठार केले. सुमारे सत्तर वर्षांचा एक वृद्ध साधू पोलिसाचा आधार शोधत आहे, हे दृश्य तीन दिवसांनी देशभर पाहिले गेले.

या घटनेची तीन कथने उपलब्ध आहेत : अफवेचे, भाष्यकारांचे आणि तपासाचे. यांपैकी पहिले कथन गुन्ह्याच्या आधीचे आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सामान्यतः गुन्हा आधी आणि कथा नंतर, असा क्रम असतो. येथे कथा आधी रचली गेली व गुन्हा तिच्या बरहुकूम घडला. चोर येणार हे ठरलेले होते; येणाऱ्याने फक्त ती भूमिका घ्यावयाची उरली होती.

अफवेला अज्ञान म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु तीही एक रचना आहे आणि तिचे घटक पारंपरिक आहेत. रात्र, परका, झोळी आणि मूल हे ते घटक. झोपत नसलेल्या मुलाला झोळीत घालून नेणाऱ्या बुवाचा धाक मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या दाखविला गेला आहे. सीतेच्या दाराशी रावण येतो तो भिक्षुकाच्या वेषात. परक्याचा वेष सात्त्विक असेल तितका संशय अधिक, हा तर्क या परंपरेत आधीपासून मुरलेला आहे. म्हणून अफवेच्या जगात कोणताही खुलासा उपयोगी पडत नाही. साधू म्हणाला, मी साधू आहे, तर ते वेषांतर. डॉक्टर म्हणाला, मी डॉक्टर आहे, तर तेही वेषांतर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून पाच जणांना ठेचून मारण्यात आले. ते मंगळवेढा परिसरातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर जगणारे लोक होते. गडचिंचल्याच्या आधी पावणेदोन वर्षे हीच कथा याच शेवटासह महाराष्ट्रात सांगून झाली होती. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात खेळ म्हणून मांडलेला खटला पाहता पाहता खरा होतो आणि आरोप आधी, पुरावा मागाहून असा क्रम लागतो. विजय तेंडुलकरांनी तो सुशिक्षित मध्यमवर्गाच्या संदर्भात दाखविला होता, याचे स्मरण येथे उपयुक्त ठरेल. कारण ही प्रवृत्ती केवळ डोंगरपट्टीची नव्हे.

दुसरे कथन भाष्यकारांचे. मराठी समाजाच्या स्मरणातील गाजलेले गुन्हे रहस्यकथेच्या साच्यात चांगले बसतात. १९७२ ते १९७४ या काळातले परभणी जिल्ह्यातील मानवतचे खून घ्या, किंवा १९७६-७७ मधील पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड घ्या : आधी प्रेते, मग भयभीत गाव, मग कसून तपास आणि शेवटी अनपेक्षित गुन्हेगार. पुण्याच्या प्रकरणात तर एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला आणि कथेला आतला निवेदकही लाभला. या साच्याचा प्राण एकच : गुन्हेगार लपलेला असतो.

गडचिंचल्यात लपलेले काय होते? कृत्य उघड्यावर झाले, पोलिसांच्या डोळ्यांदेखत झाले, त्याचे चित्रीकरण झाले. काही दिवसांतच शंभराहून अधिक लोक पकडले गेले. रहस्यकथेला अवसरच उरला नाही. परंतु वाचकाची सवय एवढ्यावर थांबत नाही. गुन्हेगार समोर असतानाही खरा गुन्हेगार कोण, हा प्रश्न विचारला गेला, आणि वृत्तवाहिन्यांवर धर्माचे, पंथाचे, पक्षाचे छुपे हात दिसू लागले. ही हत्या मुसलमानांनी केली, असा प्रचार इतका वाढला की पकडलेल्यांमध्ये एकही मुसलमान नाही, असे राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. त्यानंतरही कथा थांबली नाही. केवळ पात्रे बदलली.

येथे या विवेचनाचा मुख्य मुद्दा येतो. अफवा आणि तिच्यावरील हे भाष्य, यांची रचना एकच आहे. जे डोळ्यांना दिसते ते वेषांतर, खरे ते पडद्याआड, आणि त्याला हुडकून शिक्षा करणे हे सज्जनांचे काम, असे दोन्ही कथने मानतात. पहारा करणारा गावकरी म्हणाला, हा साधू नव्हे. दूरवर बसलेला भाष्यकार म्हणाला, हा गावकरी नव्हे. एकाच्या हाती काठी होती, दुसऱ्याच्या हाती शब्द. हा भेद क्षुल्लक नाही. एका कृतीत तीन माणसांचे प्राण गेले, दुसरीत गेले नाहीत. तथापि अफवेचा निषेध करणाऱ्याने अफवेचेच व्याकरण वापरावे, ही गोष्ट समीक्षकाला नोंदविणे भाग आहे.

ही प्रवृत्ती निरक्षरतेतून येते, या समजाला आइसलंडचे एक प्रकरण उत्तर देते. जवळजवळ संपूर्ण साक्षर आणि १९७४ साली सव्वादोन लाखांहून कमी वस्तीचा असलेला हा देश जगात शांततेबद्दल प्रसिद्ध आहे. तेथे १९७४ साली, जानेवारीत एक व नोव्हेंबरात एक, असे दोन पुरुष बेपत्ता झाले. त्यांचा परस्परांशी नातेसंबंध नव्हता. दोघांचीही प्रेते कधी मिळाली नाहीत. परंतु शांत देशाला अपुरी कथा सोसवेना. सहा तरुण पकडले गेले. काहींना दीर्घकाळ, एकाला तर सहाशेहून अधिक दिवस एकांतकोठडीत ठेवण्यात आले. त्यांच्याकडून कबुलीजबाब मिळाले आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची दोषसिद्धी कायम केली. प्रेत नाही, शस्त्र नाही, पण कथा पूर्ण झाली. पुढे गिस्ली गुड्योनसन या आइसलंडच्याच मानसशास्त्रज्ञाने, दडपणाखाली माणूस स्वतःच्या स्मृतीवरही अविश्वास धरू लागतो आणि न केलेले कृत्य केले असे मानू लागतो, हे दाखवून दिले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने पाच जणांची मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्तता केली. तोवर त्यांतील दोघे हयात नव्हते. आइसलंडमध्ये कथेने निरपराधांना गुन्हेगार बनविले. गडचिंचल्यात निरपराधांना चोर ठरवून मारले. कथा पुरी करण्याची भूक मात्र दोहोंकडे सारखीच.

तिसरे कथन तपासाचे. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने जुलै २०२० मध्ये डहाणूच्या न्यायालयात दोषारोपपत्रे दाखल केली. अफवेतून हा प्रकार घडला, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे हा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्याची तयारी राज्य सरकारने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दर्शविली. दोषारोपपत्राचे गद्य रुक्ष असते. त्यात उत्कंठा नसते, उपमा नसते. वेळ, ठिकाण, इसम, हत्यार, जखम एवढेच असते. या रुक्षतेतच त्याची नैतिकता आहे : जे सिद्ध करावयाचे आहे तेवढेच ते सांगते. परंतु त्याची मर्यादाही भाषेचीच आहे. वारली बोलणाऱ्या साक्षीदाराचे बोलणे ‘विचारल्यावरून सांगतो की’ या ठरीव शब्दांच्या मागे प्रमाण मराठीत उतरते, आणि त्या रात्री गावाला नेमके कशाचे भय वाटले, हे त्या वाक्यातून गळून जाते. ज्या सरपंच बाईंनी जमावाला आवरण्याचा प्रयत्न केला, त्यांच्या शब्दांनाही तेथे पुराव्याइतकेच स्थान.

यावर एक आक्षेप संभवतो : छुपा हात कधीच नसतो काय? याचे उत्तर याच प्रदेशाच्या इतिहासात आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे हजारो वारली जमले व पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मरण पावले. चळवळीच्या इतिहासानुसार, गोदावरी परुळेकर यांच्या जिवाला धोका आहे अशी हूल जमीनदारांच्या बाजूने उठविली गेली होती आणि त्यामुळे लोक धावून आले होते. म्हणजे तेव्हाही अफवाच होती, आणि तिच्यामागे हात होता. तेव्हा षड्यंत्राचा संशयच घेऊ नये, असे म्हणता येणार नाही. संशयाला पुराव्याची वाट पाहावयास लावावी, एवढेच म्हणता येईल. दुसरे असे की, त्या जमावाला पुढे परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथाने चेहरे दिले, वेठबिगारीचा इतिहास दिला. २०२० च्या जमावाला असे लेखन लाभलेले नाही. ते समर्थनासाठी नको आहे. भय कसे साठते आणि माणूस जमावात कसा विरघळतो, हे समजण्यासाठी ते हवे आहे.

शेवटी आणखी एका मौनाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, जानेवारी २०२० मध्ये बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा बळी गेला. त्या मृत्यूंची बातमी झाली. कथा झाली नाही. तेथे परका नव्हता, रात्रीचा पहारा नव्हता, वेषांतर नव्हते. हलगर्जी, तपासणी, परवाना हे शब्द कथेच्या साच्यात बसत नाहीत, म्हणून ‘गाजलेले गुन्हे’ या यादीत अशा घटनांचा प्रवेश होत नाही. कोणते मरण गाजावे, हे मृतांच्या संख्येवर ठरत नाही आणि अपराधाच्या गुरुत्वावरही ठरत नाही. ते बव्हंशी कथनाच्या सोयीवर ठरते.

रक्ताने माखलेल्या घटनेला ‘संहिता’ म्हणून वाचणे हा कोरडेपणा आहे, असे कोणास वाटेल. परंतु त्या तिघांचा जीव एका वाईट कथेने घेतला आणि मृत्यूनंतर दुसऱ्या वाईट कथांनी त्यांना आपापल्या कामाला जुंपले. कथा पारखणे हे ज्यांचे शास्त्र आहे, त्यांनी येथे गप्प राहणे हाच खरा कोरडेपणा ठरेल. सत्य गुन्ह्याच्या कथनाची कसोटी त्याच्या परिणामकारकतेत शोधू नये. जे सिद्ध नाही ते रिकामे ठेवण्याचे धैर्य त्यात आहे की नाही, हे पाहावे. अफवेजवळ हे धैर्य नसते. गडचिंचल्याचे कथन जेव्हा कोणी मराठीत नीट लिहील, तेव्हा त्यात काही जागा रिकाम्याच राहतील, आणि त्या रिकाम्या जागांवरूनच ते कथन विश्वासार्ह आहे हे ओळखता येईल.