मिश्रण कीं शेजारधर्म?

‘मिश्रण’ हा शब्द आपल्याकडील तीर्थवर्णनांत फार स्वस्त झाला आहे. नागपुरास ताजबागेंत बाबा ताजुद्दिन यांच्या दर्ग्यावर हिंदु भाविक चादर चढवितांना दिसला, कीं वर्णनकार ‘दोन धर्मांचें सुंदर मिश्रण’ असें लिहून मोकळा होतो. या स्तुतींत एक चूक दडलेली आहे, आणि ती निरुपद्रवी नाहीं.

जावा बेटांतील इस्लामविषयीं हाच वाद विद्वानांत झालेला आहे. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनीं ‘द रिलिजन ऑफ जावा’ या १९६० सालच्या ग्रंथांत तेथील लोकधर्म म्हणजे भूतपूजा, हिंदु संस्कार व इस्लाम यांचें मिश्रण होय, असें प्रतिपादिलें. १९८९ सालीं मार्क वुडवर्ड यांनीं उत्तर दिलें कीं, जें मिश्रण भासतें त्यांतील पुष्कळसें सूफी विचारांतच बसतें. आम्हांस वुडवर्ड यांचें म्हणणें अधिक पटतें. गीर्ट्झ यांची बाजू अगदींच लंगडी नाहीं. कुडुस येथील मशिदीचा तांबड्या विटांचा मनोरा एखाद्या देवालयासारखा दिसतो. परंतु त्याच गांवचे मुसलमान, हिंदूंचें मन दुखवूं नये या सुनान कुडुस यांच्या शिकवणीस स्मरून, परंपरेनें गाईऐवजीं म्हशीचें मांस खातात. याला मिश्रण कसें म्हणावें? हा शेजारधर्म आहे.

ताजबागेची कथाहि अशीच आहे. बाबा वेड्यांच्या इस्पितळांत असतां राजे रघूजीराव भोसले यांनीं १९०८ सालीं त्यांना सोडवून शक्करदऱ्यास आपल्या वाड्यांत नेलें. १९२५ सालीं बाबा निवर्तले. या स्नेहापायीं राजे मुसलमान झाले नाहींत, कीं बाबा हिंदु झाले नाहींत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीं सतराव्या शतकांत ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठींत लिहिला; त्यांना आपण सरळ संत म्हणतों.

एका शब्दासाठीं एवढा काथ्याकूट कशाला, असें कोणी विचारील. मिश्रण म्हटलें, कीं तें गाळावयास निघणारा येतोच. एक म्हणतो, नवस काढून टाका; दुसरा म्हणतो, हें स्थान मूळचें आमचेंच. यात्रेकरूंना बोलावणाऱ्या जाहिरातीला ऐक्याचें चित्र हवें असतें, शुद्धिवाद्याला भेसळीचें. नवस फेडावयास आलेली बाई दोघांच्याहि हिशेबांत नसते. तिनें कांहींहि मिसळलेलें नाहीं. तिची श्रद्धा एकच आहे. टीकाकारानें आधीं तिचें म्हणणें ऐकावें, मग शब्द निवडावा.